फ्रेजला मराठीत काय म्हणायचं? (वाक्प्रचार, जागा, तुकडा आणि नाद खुळा)

रंकाळाकाठ | मंगळवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. नमनाला घडाभर तेल घालत नाही, थेट सांगतो.

भाचीला कॉलेजात प्रकल्प आहे. एक इंग्रजी शब्द घ्यायचा आणि तो भाषेत, गाण्यात, नाचात कसा वापरतात ते मराठीत लिहायचं. तिच्या वाट्याला ‘फ्रेज’ आला. तिनं विचारलं, "मामा, फ्रेजला मराठीत काय?" मी चहा पिता पिता म्हटलं, वाक्प्रचार. ती म्हणाली, "ते भाषेत झालं. गाण्यातल्या फ्रेजला काय? आणि नाचातल्या?" चहा गार झाला पण उत्तर सुचलं नाही.

माझाही एक प्रश्न त्यातच अडकलाय. बावन्नाव्या वर्षी गाणं शिकतोय, तीन वर्षं झाली. सध्या देशकार राग चालू आहे. परवा सरांनी मधेच हात वर केला. म्हणाले, "सूर बरोबर आहेत. पण जागा बोलत नाही. भूप शिरला." सूर बरोबर आणि राग चूक, हे काय गौडबंगाल?

घरी येताना मला आमच्या दुकानातला किस्सा आठवला. महाद्वार रोडला आमचं छोटं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी बिहारकडचा एक मुलगा कामाला ठेवला. हुशार, सहा महिन्यांत कामापुरतं मराठी शिकला. एका रात्री मला यायला जमणार नव्हतं म्हणून फोनवर सांगितलं, "साडेनऊ झाले की दुकान वाढव." दहा वाजता शेजारच्यांचा फोन. दुकान उघडंच, आणि पोरानं बाहेर आणखी एक टेबल मांडून त्यावर माल लावलाय! ‘दुकान’ त्याला येत होतं, ‘वाढव’ पण येत होतं. दोन्ही मिळून शटर खाली ओढायचं, हे मात्र येत नव्हतं.

माझ्या देशकाराचा आणि त्याच्या टेबलाचा रोग एकच का? जाणकारांनी लिहावं. भाचीला सोमवारपर्यंत द्यायचं आहे.

---

शुद्धलेखक | मंगळवार, रात्री ११:२०

फ्रेज या एका शब्दात इंग्रजीनं दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्यात, त्या आधी सोडवून घ्या. एक पदबंध. ‘रंकाळ्याच्या कडेचा मोडका बाक’ हा पदबंध. शब्द सुटे केले तरी अर्थ जागच्या जागी राहतो. दुसरा वाक्प्रचार. तिथं शब्द सुटे केले की हाती काही उरत नाही. वाक्प्रचाराला जुना शब्द ‘वाक्संप्रदाय’. दाते-कर्वे यांच्या कोशाच्या नावातच तो आहे. मला तोच आवडतो, कारण त्यात परंपरा आली. चार पिढ्या तसं म्हणत आल्या म्हणून तसं म्हणायचं.

वर्गात मी एक उदाहरण हमखास देत असे. डोळा लागला म्हणजे झोप आली. वाटेकडे डोळे लागले म्हणजे कुणाची तरी वाट बघतोय. डोळे आले म्हणजे औषध घाला. आणि शेजाऱ्याच्या जमिनीवर डोळा आहे, म्हणजे कोर्टाची तयारी ठेवा. अवयव तोच. एकवचनाचं अनेकवचन झालं, क्रियापद बदललं, की सगळा संसार बदलतो.

तुमच्या पोराची काही चूक नाही. ‘वाढवणे’ ही मराठीतली मुद्दाम घातलेली उलटी टीप आहे. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. नारळ फोडायचा, म्हणायचं वाढवला. मंगळसूत्र तुटलं तरी वाढवलं. अशुभ शब्द तोंडात येऊ नये म्हणून बरोब्बर उलटा शब्द घेतला. घरातून निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो, तेही त्यातलंच.

---

घुंगरू | बुधवार, सकाळी ७:०५

शुद्धलेखक सर, आणि आमच्या कोल्हापुरात बायकाही ‘येतो’च म्हणतात, ‘येते’ नाही. पुण्याला सासर असलेल्या माझ्या बहिणीला पहिलं वर्षभर त्यावरून टोमणे ऐकावे लागले. :)

नाचाचं सविस्तर लिहिते, पण संध्याकाळी. आता क्लास.

---

पेठेतला पैलवान | बुधवार, सकाळी ८:३०

अण्णा कशाला एवढं डोकं खाजवायलाय? गाणारे लोक ‘रागाची पकड’ म्हणतात न्हवं? मग तीच की फ्रेज. आणि पकड शब्द कुणाचा? आमच्या तालमीचा. गड्याचा हात कुठं धरला, मान कशी दाबली, यावरनं पुढचा डाव कळतोय. जाणता माणूस मैदानाच्या कडंला बसून नुसती पकड बघून सांगतोय, आता ढाक मारणार म्हणून.

आणि कोल्हापूरची फ्रेज विचारत असशीला तर एकच. नाद खुळा. विषय संपला.

---

षड्ज | बुधवार, दुपारी १:१५

विषय संपला नाही, पैलवान, तुम्ही चालू करून दिलात. गाण्यातली ‘पकड’ म्हणजे तेच जे तुम्ही सांगितलंत. चार-पाच सुरांत राग हातात येतो, आणि जाणता श्रोता पुढचा डाव ओळखतो.

रंकाळाकाठ, तुमच्या देशकाराकडे येते. यावर मी स्वतः दोन वर्षं ठेचकाळले आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

भूप आणि देशकार दोघांचे सूर तेच पाच. सा रे ग प ध. मध्यम नाही, निषाद नाही. पेटीवर दोन्हींच्या पट्ट्या सारख्याच दाबायच्या. मग फरक कुठे? भूप पूर्वांगात, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात, नांदतो. त्याचं घर गंधार. ‘ग रे सा ध, सा रे ग’, यातला ध खालचा, आणि वाक्य गंधारावर येऊन टेकतं. कितीही फिरला तरी पाय तिकडेच वळतात. देशकार वरच्या अंगाचा. त्याचं घर धैवत. ‘सां ध, प, ग प ध प’. धैवतावर ठाम उभं राहायचं, पंचमावर विसावायचं. ऋषभाला फार मान द्यायचा नाही, खाली उतरताना वाटेत भेटला तर नमस्कार करायचा. तुम्ही बहुधा ‘ग रे’वर रेंगाळलात आणि गंधारावर येऊन बसलात. तिथं भूप शिरला. भूप रात्रीचा पहिला प्रहर, देशकार सकाळचा. म्हणजे सरांच्या कानाला तुम्ही सकाळी सात वाजता कुणाला तरी ‘शुभ रात्री’ म्हणालात.

(जाता जाता, पहाटे म्हणतो त्या भूपाळ्या, आणि भूप मात्र रात्रीचा. यात माझी आजी कायम गोंधळायची आणि मी तिला हसायची.)

मारवा, पूरिया, सोहनी या तिघांचंही असंच आहे. सूर एकच, नुसते उच्चार वेगळे. सोहनी वरच्या षड्जाभोवती, पूरिया खाली मंद्रात, आणि मारवा षड्जाला सारखा चुकवत राहतो.

आता भाचीच्या शब्दाचं. शास्त्राच्या पुस्तकात ‘रागवाचक स्वरसंगती’ असं लिहितात. परीक्षेला ठीक. बैठकीत असं कुणी बोलत नाही. तिथं म्हणतात, "काय जागा घेतली!" जागा हाच गवयांचा खरा शब्द. मला तो फार नेमका वाटतो. सुरांचा तो पुंजका नुसता सुंदर असून भागत नाही, तो त्या ठिकाणीच यायला हवा. आणि छोटी हरकत घेतली तर ती हरकत. त्याला कुणाचीच हरकत नसते.

---

रंकाळाकाठ | बुधवार, दुपारी २:४०

षड्ज ताई, तुम्ही सरांकडे चोरून बसला होतात का? अगदी ‘ग रे’वरच रेंगाळलो होतो. गोड लागतं हो ते.

---

पेठेतला पैलवान | बुधवार, दुपारी ३:१०

ताई एक लक्षात आलं. आमच्याकडं म्हणत्यात, "खटक्यावर बोट, जाग्यावर पल्टी." खटका पण तुमच्या गाण्यातला न् जागा पण. आमी बंदुकीचा समजत हुतो.

---

षड्ज | बुधवार, दुपारी ३:२५

बंदुकीचाच आहे, पण आता माझ्या शिष्यांना मी हेच सांगणार. खटका नीट लागला की श्रोता जाग्यावर पल्टी.

---

शुद्धलेखक | बुधवार, सायंकाळी ५:५०

रसभंग करतो, माफी असावी. ‘जागा बोलते’ हे ऐकायला छान आहे, पण ती काय बोलते? ‘डोळा लागला’चा अर्थ मी दुसऱ्या शब्दांत सांगू शकतो. झोप आली. ‘ध, प, ग प’चा अर्थ दुसऱ्या कशात सांगणार? ज्याचा अर्थ दुसऱ्या कशानेही सांगता येत नाही त्याला अर्थ आहे असं म्हणणं ही गवयांची लाडकी अतिशयोक्ती आहे. सुरांना परिणाम असतो. अर्थ शब्दाला असतो.

---

षड्ज | बुधवार, रात्री ९:१५

सर, दुकानातल्या पोराकडे परत जाऊ. त्याला ‘वाढव’चा अर्थ कोशात सापडला असता, पण त्या रात्री त्याला कोशाची गरज नव्हती. शटर ओढायचं की टेबल मांडायचं, एवढंच कळायला हवं होतं. शब्दांचा समूह आपल्याला पुढं काय करायचं ते सांगतो, आणि त्यालाच आपण ‘कळलं’ म्हणतो. ‘म रे प’ ऐकलं की मल्हार जवळपास आहे हे कळतं, कान पुढच्या दोन निषादांची वाट बघायला लागतो. हे कळणं शब्दांत सांगता येत नसेल, पण चुकलं तर ताबडतोब कळतं. रंकाळाकाठांच्या सरांनी हात वर केला ना? ज्यात चूक होऊ शकते त्यात अर्थ नाही असं कसं म्हणता?

आणि आपल्या गावाच्या बाबतीत तर हे जास्तच खरं. अल्लादियाखाँसाहेब (१८५५-१९४६) शाहू महाराजांच्या दरबारात होते आणि त्यांची जयपूर-अत्रौली गायकी इथंच घडत गेली. या गायकीत एकेक जागा सुटी काढून दाखवायची पद्धत नाही. एका वाक्याच्या शेपटातून दुसरं निघतं, आणि पेचदार ताना घेत घेत आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, समेला बांधलं जातं. सुटी जागा बोलली तर शब्द होतो, साखळी बोलली तर भाषण.

---

शुद्धलेखक | बुधवार, रात्री ९:४०

‘ज्यात चूक होऊ शकते’ हा मुद्दा मान्य. व्याकरणाचा मास्तर असून मला तो आधी सुचायला हवा होता. पण मग त्याला व्याकरण म्हणा. अर्थ अजून सिद्ध व्हायचाय.

---

तीनताल | गुरुवार, सकाळी ६:३०

अर्थ सिद्ध करायला तबल्यावाला लागतो, मंडळी. गणित घेऊन आलोय.

तिहाई घ्या. एक तुकडा तीनदा वाजवायचा आणि शेवटचा धा बरोब्बर समेवर आणायचा. तीनतालात पाच मात्रांचा तुकडा घेऊ, ‘तिट कत गदि गन धा’. प्रत्येक बोल एका मात्रेचा. तुकडा वाजवला, एक मात्रा दम, परत तुकडा, परत एक मात्रा दम, तिसऱ्यांदा तुकडा. ५+१+५+१+५. झाले १७.

---

पेठेतला पैलवान | गुरुवार, सकाळी ७:५५

तीनतालाच्या मात्रा १६ असत्यात एवढं आमाला पण ठावं हाय. एक जास्त झाली की.

---

तीनताल | गुरुवार, सकाळी ८:१०

शाबास! याचीच वाट बघत होतो. सतरावी मात्रा म्हणजे पुढच्या आवर्तनाची पहिली. म्हणजेच सम. एक मात्रा ‘जास्त’ झाली म्हणूनच ती समेवर येते. दम न घेता करायची तर खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून उचला. ‘तिट कत धा, तिट कत धा, तिट कत धा’. तीन त्रिक नऊ. नववीपासून नऊ मोजले की परत सम. आधीची दमदार, ही बेदम.

आता शुद्धलेखक सरांसाठी. या तिहाईत धा तीनदा येतो. बोट तेच, तबला तोच, आवाज तोच. पहिल्या धाला कुणी मान हलवत नाही. दुसऱ्याला जाणकार हसतात. तिसऱ्याला अख्खी बैठक ‘वाऽ’ म्हणते. आवाज एकच असताना हा फरक आला कुठून? धा कुठे पडला यातून. माझ्या मते तोच त्याचा अर्थ. ‘डोळा लागला’मध्येही डोळ्याचा अर्थ कुठून येतो? शेजारी ‘लागला’ बसलाय म्हणून.

बोलण्यातही तीनदा म्हटलं की पक्कं होतं. उगाच नाही ‘त्रिवार सत्य’ म्हणत.

---

संबळ | गुरुवार, दुपारी १२:००

तुमचं सगळं चाललंय दरबारातलं. जरा देवीच्या दारात या.

‘उदो उदो करणे’ हा वाक्प्रचार कुठला? अंबाबाईचा. गोंधळात दिवटी पाजळून ‘उदो’ म्हणायचं, ते आता पुढाऱ्यांच्या वाट्याला गेलं. ‘गोंधळ घालणे’ कुठला? आमचाच. लग्नानंतर घरी देवीचा गोंधळ घालतात. संबळ, तुणतुणं, झांज, रात्रभर कथा. गण कुठं म्हणायचा, देव-देवतांना बोलवायचं कसं, आख्यान कधी लावायचं, सगळ्याला जागा ठरलेली. इतकं शिस्तीचं काम दुसरं दाखवा. आणि मराठीत त्याचा अर्थ काय झाला? ‘ऑफिसात नुसता गोंधळ घातलाय!’

‘तेच तुणतुणं वाजवू नको’ म्हणतात. एका तारेवर रात्रभर सूर धरून ठेवणं किती अवघड असतं हे म्हणणाऱ्याला ठाऊक नसतं. ‘री ओढणे’ म्हणजे मागं उभं राहून मुख्य गाणाऱ्याचा सूर लांबवणे. ते झीलकऱ्याचं काम. शाहिराला दम घ्यायला वेळ मिळावा, फड पडू नये, म्हणून तो ‘जी जी रं जी’ ओढतो. भाषेत मात्र री ओढणारा म्हणजे हांजी हांजी करणारा. ‘टाळ कुटत बसलाय.’ ‘चारचौघात तमाशा करू नको.’

गवयांचे वाक्प्रचार बघा. सूर जुळले, मैफल रंगली, समेवर आले. सगळे कौतुकाचे. आमचे बघा. सगळे शिव्या. भाचीला सांगा, प्रकल्पात हे पण लिही म्हणून.

---

रंकाळाकाठ | गुरुवार, दुपारी १२:४५

हे वाचून दोन मिनिटं गप्प बसलो. मी स्वतः सुरुवातीलाच ‘नमनाला घडाभर तेल’ म्हणून मोकळा झालो. नमन म्हणजे काय, दिवटीला तेल कुणी आणलं, याचा विचारच केला नव्हता.

---

शुद्धलेखक | गुरुवार, दुपारी २:१०

संबळ, निरीक्षण धारदार आहे, पण सरसकट नको. गवयांच्या शब्दांनाही टोमणे चिकटलेत. ‘आपलाच राग आळवतोय’, ‘त्याची भैरवी झाली’. पण तुमचा मुद्दा मोठा आहे. भाषेत कुणाच्या कामाचा अर्थ वर गेला आणि कुणाचा खाली आला, यावरून त्या काळी ओसरीवर कोण बसत होतं आणि अंगणात कोण, हे कळतं.

---

पेठेतला पैलवान | गुरुवार, दुपारी २:३०

संबळभाऊ, फड इसरला व्हय? फड गाजवला म्हंजे कौतुकच की. आणि कोल्हापुरात फड तीन. तमाशाचा, कुस्तीचा, उसाचा. तिन्ही ठिकाणी घाम गाळणाऱ्याचाच मान. शड्डू ठोकणे, आस्मान दाखवणे, धोबीपछाड. आमच्या तालमीतनं भाषेत गेलेलं एक पण खाली पडल्यालं न्हाई.

खासबाग मैदान आणि केशवराव भोसले नाट्यगृह शेजारी शेजारी. महाराजांनी तसंच बांधलं. इकडं डाव, तिकडं नाटक. म्हणून तर इकडचे शब्द तिकडं उड्या मारत्यात.

---

संबळ | गुरुवार, दुपारी २:५०

फड मान्य. एक बाद.

---

परदेशस्थ करवीरकर | गुरुवार, रात्री ११:३०

धागा वाचून भूक लागली. तांबड्या रश्श्याला पण काही वाक्प्रचार आहे का?

(अवांतराबद्दल क्षमस्व. इथं माझ्या मुलाला ‘नाद खुळा’ समजावून देताना घाम फुटला. मी म्हटलं ‘वेडा आवाज’. तो म्हणाला, म्हणजे लाऊडस्पीकर?)

---

षड्ज | शुक्रवार, सकाळी ९:००

करवीरकर, मुलाचं अर्धं बरोबर आहे. नाद म्हणजे मुळात ध्वनीच. आमच्या शास्त्राची सुरुवातच तिथून होते. आहत नाद, अनाहत नाद. बोलताना नाद म्हणजे छंद, व्यसन, मागे लागणं. ‘पोराला पत्त्यांचा नाद लागला’. घंटेचा नाद घंटा वाजून गेल्यावरही घुमत राहतो, तसंच लागलेलं वेड कामाच्या वेळीही डोक्यात घुमत राहतं, असा मी माझ्यापुरता जोड लावते. कोल्हापुरात त्याला ‘खुळा’ जोडला आणि शिवी व्हायच्या ऐवजी सलामी झाली. ‘नाद करायचा नाही’ म्हटलं की मात्र इशारा. पहिल्याला गळ्यात हात, दुसऱ्याला गळ्याला हात.

---

घुंगरू | शुक्रवार, रात्री ८:२०

दोन दिवस उशीर झाला, क्लासमध्ये परीक्षा होत्या. नाचाचं राहिलंय, लिहिते.

कथकात फ्रेजला सरसकट एक शब्द नाही. तोडा, तुकडा, परण, आमद, प्रत्येकाचं काम वेगळं. आमद म्हणजे प्रवेश. परणात पखवाजाचे बोल. पण तीनताल म्हणतात ती तिहाई आमच्याकडे तीन वेळा जन्म घेते. आधी मी हातावर ताल देत ती तोंडानं म्हणते, याला पढंत म्हणतात. मग तबल्यावर निघते. मग पायातून. ‘तिट कत गदि गन धा’ हे वाक्य तोंड बोललं, बोटं बोलली, टाचा बोलल्या. विद्यार्थिनीचा पाय चुकला की मी तिला आधी तोंडानं म्हणायला लावते. जी नीट म्हणू शकत नाही तिच्या पायातून ते कधीच येत नाही. हे मी वीस वर्षं बघतेय.

आता अर्थाचं. हातांच्या मुद्रांचं वर्णन ‘अभिनयदर्पण’ या ग्रंथात आहे. तिथं प्रत्येक हस्ताच्या पुढे त्याचा ‘विनियोग’ दिलाय, म्हणजे हा हात कुठं कुठं वापरायचा. पताका घ्या. सगळी बोटं सरळ आणि अंगठा किंचित वाकवलेला, सगळ्यात साधा हात. त्याचा विनियोग नाट्याचा आरंभ, मेघ, वन, एखादी गोष्ट नको म्हणून निषेध, रात्र, नदी. एकच हात! ढग की नकार हे मनगट, नजर आणि त्याआधी काय झालं यावरून ठरतं. भाचीला ‘मीनिंग अँड यूज’साठी मराठी शब्द हवा असेल तर माझ्या मते विनियोगासारखा दुसरा नाही.

मी मुलींना एक घरगुती खेळ देते. ‘राहू दे’ एवढेच दोन शब्द, नाचून दाखवायचे. एकीनं पाहुण्याच्या ताटात वाढणाऱ्या हाताला आडवा पताका केला, म्हणजे पुरे. दुसरीनं बिलाचे पैसे काढणाऱ्या मैत्रिणीचा हात मागे सारला, म्हणजे मी देते. तिसरीनं नुसती मान वळवली आणि हात हळूच खाली सोडला. काहीतरी तुटलं होतं, जाऊ द्यायचं होतं. चौथी सगळ्यात लहान, आठ वर्षांची. तिनं खेळणं छातीशी घट्ट धरलं आणि डोळे मोठे केले. राहू दे ना, माझ्याकडेच राहू दे! शब्द दोनच, चार जणींचे चार. शुद्धलेखक सर, यातला अर्थ शब्दात होता की हातात?

---

शुद्धलेखक | शुक्रवार, रात्री ९:०५

आठ वर्षांच्या मुलीपुढे मी वाद घालत नाही. राहू दे. (पहिल्या मुलीच्या अर्थानं.)

---

तीनताल | शुक्रवार, रात्री ९:३०

मग भाचीचा शब्द घुंगरू ताईंनीच दिलाय की. बोल! तबल्याचे बोल, पढंतीचे बोल, घुंगरांचे बोल, गाण्यात बोलआलाप आणि बोलतान, आणि भाषेत लहान मुलाचे बोबडे बोल. तिन्हीकडे चालणारा शब्द घरातच होता.

---

षड्ज | शुक्रवार, रात्री १०:००

जवळपास. पण गाण्यात ‘बोल’ म्हणजे बंदिशीचे शब्द. ‘ध, प, ग प’ला आम्ही बोल म्हणत नाही. तुमच्याकडेही ‘धा’ हा एकच बोल झाला, तुकडा वेगळा. त्यामुळे शब्द तिन्हीकडे जातो पण तिन्हीकडे मापं वेगळी आहेत.

---

शुद्धलेखक | शुक्रवार, रात्री १०:१५

आणि ‘बोल लावणे’ म्हणजे दोष देणे. मुलीनं हे पण लिहावं, म्हणजे कुणी विचारलं तर मामाला बोल लागेल.

---

रंकाळाकाठ | मंगळवार, रात्री ९:५०

उशिरा कळवतोय. भाचीनं प्रकल्प दिला. तीन रकाने केले होते. भाषेत वाक्प्रचार, गाण्यात जागा, नाचात तुकडा. एकच शब्द कुठला, या प्रश्नाला तिनं लिहिलं, ‘एक शब्द नाही, पण तिन्हीकडे “बोलतो” हे क्रियापद लागतं.’ हे तिचं स्वतःचं, मी सांगितलं नव्हतं. संबळ, तुमचा गोंधळाचा परिच्छेद जसाच्या तसा घातला. बाईंनी नेमक्या त्याच परिच्छेदाखाली लाल पेनानं लिहिलं, ‘विषयांतर’. भाची वर्गात उठून भांडली म्हणे. मार्कांचं अजून कळलं नाही.

आमच्या दुकानातल्या पोराला विचारलं, की बाबा तुमच्याकडे रात्री दुकान बंद करताना काय म्हणता? तो म्हणाला, हिंदीत ‘दुकान बढ़ाना’ म्हणतात की! त्याचे आजोबा तसंच म्हणायचे. मग त्या रात्री टेबल का मांडलं? तर म्हणाला, "मराठीत पण तसंच असेल असं वाटलं नाही." घ्या! अख्खा धागा याच्यावर उभा केला होता मी.

काल क्लास झाला. ‘ग रे’चा मोह टाळून धैवतावर उभा राहिलो, मग पंचम. सरांनी हात वर केला नाही. डोळे मिटूनच होते. नंतर म्हणाले, "हं." तेवढंच. आता या ‘हं’चा विनियोग कुठला ते कुणी सांगा.

रविवारी सकाळी आमच्या घरी बसू या का? तानपुरा आहे. पेटीवाला मिळेल. मिसळ माझ्याकडून.

---

षड्ज | मंगळवार, रात्री १०:०५

‘हं’ जर खालच्या सुरात असेल तर पेढे वाटा. वरच्या सुरात असेल तर रियाज वाढवा. (दुकानासारखा नाही, खरोखरचा.)

---

संबळ | मंगळवार, रात्री १०:२०

तुणतुणं आणतो. कुणी ‘तेच तुणतुणं’ म्हटलं तर मिसळ खाऊन लगेच उठणार.

---

पेठेतला पैलवान | मंगळवार, रात्री १०:३२

अण्णा, कट किती प्लेटचा ते आधी ठरवा. आणि जमिनीवर बसायचं का खुर्च्या? आमचं गुडघं ढाक घेऊन बसल्यात.

---

घुंगरू | मंगळवार, रात्री १०:४०

आठ वर्षांचीला घेऊन येतो.